यादीत नसलेला देश

"अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या, पण राज्य नसलेल्या एखाद्या प्रदेशाचं नाव सांगा."

हा सहावा प्रश्न. आधीच्या पाचांची उत्तरं फुआतिनोनं प्रश्न पुरता संपायच्या आत दिली होती. देशाचा सर्वोच्च कायदा? राज्यघटना. तिच्यात दुरुस्त्या किती? सत्तावीस. सिनेटर किती वर्षांसाठी निवडून येतो? सहा. सरकारचं एक अंग सांगा म्हटल्यावर तिनं तिन्ही सांगितली होती. फक्त नागरिकांनाच असलेला एक हक्क कोणता, यावर "राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देणं" असं म्हणून तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते.

आता मात्र ती थांबली. टेबलापलीकडे बसलेला, नागरिकत्वाची परीक्षा घेणारा बाकानी नावाचा तरुण अधिकारी पेन वर धरून वाट बघत होता. त्याला वाटलं, बाई अडकल्या.

"सोपं आहे, आंटी," तो हळूच म्हणाला. "कुठलंही एक चालेल."

"अमेरिकन सामोआ."

"बरोबर!" त्यानं कागदावर खूण केली. "सहापैकी सहा. पास झालात."

"उरलेले चार?"

"सहा बरोबर आले की थांबायचं असतं."

"माझ्या वर्गात अर्धा पेपर टाकून उठता येत नसे."

बाकानी हसला. "शिक्षिका होतात?"

"एकतीस वर्षं."

"कुठला विषय?"

"हाच."

त्याचं हसू जरा अडखळलं. त्यानं समोरचा कागद तिच्याकडे सरकवला. "आता एक वाक्य सांगतो, ते लिहायचं. म्हणजे इंग्रजी लिहिता येतं हे कळतं. घाई करू नका. लिहा : नागरिक मतदान करू शकतात."

फुआतिनोनं लिहिलं. अक्षर फळ्यावरचं, उजवीकडे न झुकणारं. शेवटी पूर्णविराम दिला आणि पेन कागदाच्या वरच्या कडेला समांतर ठेवलं. वय एकोणसत्तर. हे वाक्य तिनं फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याचा तिला हिशेब लागला असता, पण तिनं तो केला नाही.

तिची शाळा अमेरिकन सामोआतल्या तुतुइला बेटावर, लेओने गावाच्या बाहेर होती. दर चार वर्षांनी, नोव्हेंबर आला की ती वर्गात निवडणूक घ्यायची. ट्यूना मासळीच्या कारखान्यातून आणलेलं पुठ्ठ्याचं खोकं ही मतपेटी. मुलं रांग लावायची, नाव सांगायची, चिठ्ठी टाकायची. तिकडे मुख्य भूमीवर खरी मोजणी सुरू व्हायच्या आत लेओनेचा निकाल फळ्यावर असायचा. आणि दर वेळी कुणीतरी विचारायचंच, "बाई, आपल्या आईबापांना का नाही देता येत मत?"

"कारण आपलं राष्ट्रीयत्व अमेरिकन आहे, पण आपण नागरिक नाही," ती सांगायची.

"म्हणजे काय?"

"म्हणजे निष्ठा आपली, मत त्यांचं."

सुरुवातीच्या वर्षांत ती यापुढे आणखी पाच-सात वाक्यं बोलायची. न्यायालयांनी काय म्हटलं, संसदेनं काय केलं नाही, वगैरे. नंतर नंतर इतकंच. दोन हजार पाच साली पेलेनातो नावाचा तिचा विद्यार्थी इराकमधून पेटीत परत आला. मागच्या बाकावर बसणारा मुलगा. सरकारची तीन अंगं विचारली की त्याला नेहमी दोनच आठवायची. त्याच्या आईच्या मांडीवर त्रिकोणी घडी घातलेला झेंडा ठेवला गेला, तेव्हा फुआतिनो तिच्या शेजारी बसली होती. ज्या पदावरचा माणूस त्याला तिकडे पाठवतो, त्या पदासाठी पेलेनातोनं आयुष्यात एकदाच मत दिलं होतं. ट्यूनाच्या खोक्यात.

निवृत्तीनंतर ती होनोलुलूला भाचीकडे राहायला आली. समोरच्याच शाळेत मतदान केंद्र होतं. तिथे टेबलावर बसून नावं तपासायला माणसं हवी आहेत, अशी पाटी वाचून ती गेली. तिथल्या बाईंनी प्रेमानं विचारलं, "तुमची मतदार म्हणून नोंद कुठे आहे?" त्या संध्याकाळी फुआतिनोनं नागरिकत्वाचा अर्ज मागवला. यंदाच्या नोव्हेंबरात, एकदा तरी, खऱ्या पेटीत.

बाकानी आता संगणकाकडे वळला होता. "बस, आता फक्त अर्जातली माहिती चढवली की सही, आणि शपथविधीची तारीख." तो टाइप करत गेला. मग थांबला. परत टाइप केलं.

"आंटी, 'सध्याचं राष्ट्रीयत्व' या रकान्यात तुम्ही 'अमेरिका' लिहिलंय."

"हो."

"इथे अमेरिका येत नाही. अमेरिका असेल तर अर्ज कशाला, म्हणून यंत्र घेत नाही."

"माझा पासपोर्ट बघा."

निळा पासपोर्ट, त्याच्या स्वतःच्या पासपोर्टसारखाच. मागच्या पानावर छापलेलं वाक्य तिनं बोट ठेवून दाखवलं : धारकाचं राष्ट्रीयत्व अमेरिकन आहे, परंतु धारक अमेरिकेचा नागरिक नाही. बाकानीनं ते दोनदा वाचलं.

"अशी केस माझ्याकडे पहिलीच. थांबा, यादीतून निवडायचं असतं." तो खाली खाली गेला. "हां. सामोआ आहे. सामोआ टाकतो."

"नाही."

"काय?"

"तो दुसरा देश आहे. आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरवर. त्यांचा पंतप्रधान वेगळा, चलन वेगळं. ते रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाड्या चालवतात, आम्ही उजव्या. आमच्याकडे शुक्रवार असतो तेव्हा त्यांच्याकडे शनिवार. तिथे माझी मावसबहीण आहे, तिला भेटायला जायचं तर मला हाच पासपोर्ट दाखवावा लागतो. मी त्या देशाची कधीच नव्हते."

"आंटी, एक रकाना आहे हो. कोण बघतंय?"

"मी अमेरिकन सामोआची आहे. ते घाला."

"यादीत नाही ते."

"मग सहाव्या प्रश्नाला बरोबरची खूण कशी केलीत?"

बाकानीनं खाली पाहिलं. समोरच्या कागदावर त्याची निळी खूण होती.

"परीक्षेत आमचं बेट तुमचं आहे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. मागच्या बाकापर्यंत पोचायला तो कधीच चढवावा लागत नसे. "आणि माझ्या नावापुढे लिहायची वेळ आली की ते कुठेच नाही. दोन्हींतलं एक काहीतरी ठरवा."

"मी वरिष्ठांना विचारून येतो."

तो अकरा मिनिटांनी आला. चेहरा उजळला होता. "आणखी एक पर्याय आहे! अगदी तळाशी असतो, मी तिथपर्यंत कधी जात नाही. सामोआ नको ना, ठीक आहे. 'कोणत्याही देशाचा नाही' असं टाकता येतं. राष्ट्रहीन. साहेब म्हणाले चालेल."

फुआतिनोनं चष्मा काढला. तो पुसायची गरज नव्हती, तरी पुसला.

"एकोणीसशे सालापासून आमच्या टेकडीवर तुमचा झेंडा आहे," ती म्हणाली. "माझ्या आजोबांनी तो दोरीनं वर जाताना पाहिला. माझ्या वर्गातली बेचाळीस मुलं तुमच्या फौजेत गेली, दोन जिवंत परत आली नाहीत. रोज सकाळी शाळा भरताना छातीवर हात ठेवून मी त्यांच्याकडून निष्ठेची शपथ म्हणवून घेतली. कुणाशी निष्ठा? कोणत्याही देशाशी नाही?"

"असं मनाला लावून घेऊ नका. मीसुद्धा फिलिपाइन्सहून येऊन हीच परीक्षा दिली. मलासुद्धा याच खुर्चीत—"

"तुम्ही फिलिपाइन्स सोडून आलात. तुमच्या मागे एक देश होता, समोर एक देश होता. मी काय सोडून आलेय, सांगा. शपथेत म्हणायचंय, मी परक्या सत्तेवरची निष्ठा सोडून देते. परकी सत्ता कुठली? मला सापडली तर सोडीन."

खुर्ची जरा पुढे ओढून बाकानी हळू आवाजात बोलला. या वेळी अधिकाऱ्यासारखा नाही. "आंटी, ऐका. पास झालायत. सही केलीत तर पुढच्या महिन्यात शपथ, नोव्हेंबरात मत. नाही केलीत तर फाइल वर जाईल, आणि वर गेलेली फाइल कधी येते ते मला माहीत नाही. एका रकान्यासाठी?"

त्यानं छापलेलं पान तिच्यासमोर ठेवलं. रकान्यात 'सामोआ' होतं. खाली, सहीच्या रेघेवर, बारीक अक्षरात : वरील सर्व माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास मी कायद्यानं शिक्षेस पात्र राहीन.

फुआतिनोनं पान वाचलं. पेन उचललं. बाकानीनं सुटकेचा श्वास सोडला.

तिनं 'सामोआ'वर एक सरळ रेघ मारली. वर 'अमेरिका' लिहिलं, शेजारी सही केली, तारीख घातली. मग खालच्या रेघेवर पूर्ण सही केली.

"आता माहिती खरी आहे," ती म्हणाली.

"हे यंत्र घेणार नाही."

"मला माहीत आहे."

बाकानी संगणकाकडे वळला. "फाइल अडवायची तर कारण लिहावं लागतं."

"लिहा की."

त्यानं टाइप केलं. खोडलं. परत टाइप केलं.

"वाचा," ती म्हणाली. त्याच्या हातून वही घेत असावी अशा सुरात.

"अर्जदार परीक्षेत उत्तीर्ण," त्यानं मान खाली घालून वाचलं. "अर्जदाराचा दावा आहे की ती जन्मापासून अमेरिकन आहे."

"दावा नाही. 'म्हणणं' लिहा."

त्यानं ते बदललं.

भाची सिएनी खाली गाडीत थांबली होती. ती रक्तपेढीत काम करायची, अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. सिएनी पोटात असताना तिच्या आईचा रक्तदाब वाढला आणि बेटावरच्या डॉक्टरांनी तिला होनोलुलूला पाठवलं. साडेपाच तासांचं विमान. त्यामुळे सिएनी जन्मानं नागरिक होती, आणि तिचा धाकटा भाऊ, बेटावर जन्मला म्हणून, नव्हता.

"झालं, मावशी?"

"पास झाले."

"मग तोंड असं का?"

फुआतिनोनं सांगितलं. सिएनीनं स्टिअरिंगवर तळहात आपटला. "अगं, करायची ना सही! त्या यादीशी तुला काय करायचंय? एकदा नागरिक झालीस की भांड ना त्यांच्याशी जन्मभर!"

"खोटं लिहून?"

"रोज लाख माणसं काहीबाही लिहितात फॉर्मवर. तुझ्या एकटीच्या खऱ्यानं काय होणारेय?"

फुआतिनो उत्तर देणार तोच फोन वाजला. फुआतिनोचा धाकटा भाऊ पेनिआमिना, घराण्याचा प्रमुख. गावची जमीन त्याच्या शब्दावर चालायची, बाहेरच्यांना ती विकत घेता येत नसे.

"काय ताई, झालीस अमेरिकन?"

"होतेच. त्यांना पटत नाहीये."

तो खो खो हसला. "बरंच झालं म्हणतो मी. आज तुम्ही नागरिक व्हाल, उद्या कुणी गोरा वकील येऊन म्हणेल, सगळे सारखे, मग गावची जमीनही सगळ्यांना विकत मिळाली पाहिजे. बसा मग बोंबलत."

"जमीन राहू दे तुझ्याकडे, पेनी. कुणी मागितली नाही. मला मत हवंय."

"आता इतकी वर्षं नव्हतं तर काय अडलं?"

"ते पेलेनातोच्या आईला विचार," ती म्हणाली आणि फोन ठेवला. सिएनीनं गाडी सुरू केली.

सप्टेंबरात दोन ओळींचं पत्र आलं. अर्ज अधिक तपासणीसाठी पुढे पाठवला आहे. ऑक्टोबरात मतदार नोंदणीची मुदत संपली.

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी फुआतिनोनं निळा पुलेतासी इस्त्री करून घातला. रविवारी प्रार्थनेला जाताना घालायची तोच, पायघोळ, वर अंगरखा. सिएनी कामावर जायच्या आधी मत द्यायला निघाली, तर ही दारात तयार.

"मावशी, तू कशाला?"

"चल. उशीर होईल तुला."

शाळेच्या उपाहारगृहात केंद्र होतं. रांग बाहेर झाडाखालपर्यंत आली होती. दोघी रांगेत उभ्या राहिल्या. पुढचा रखवालदाराच्या गणवेशातला माणूस नमुना मतपत्रिका उलटसुलट करत होता.

"च्यायला, हे शेवटचे दोन प्रश्न काय आहेत? हवाईच्या घटनेत दुरुस्ती म्हणे. मी सोडूनच देणार."

"सोडू नका," फुआतिनो म्हणाली. "दुरुस्तीचा प्रश्न कोरा ठेवला तर तो 'नाही'त धरतात."

"काय सांगता! कोरा म्हणजे नाही?"

"एकूण पडलेल्या मतांच्या अर्ध्याहून जास्त 'हो' लागतात. तुम्ही मतपत्रिका दिलीत, म्हणजे मोजणीत आलात. 'हो' म्हटलं नाहीत, म्हणजे विरोधात गेलात."

मागच्या दोन बायका पुढे सरकल्या. "म्हणजे आंटी, दोन्ही प्रश्नांना असंच?" त्यांतल्या एकीनं आपला कागद पुढे केला. फुआतिनोनं तो हातात घेतला आणि पहिला प्रश्न मोठ्यानं वाचून सोप्या शब्दांत सांगितला. बाजू कुठलीच घेतली नाही. रांगेतली सात-आठ माणसं अर्धवर्तुळात उभी राहून ऐकत होती. सिएनी एकटीच खाली बघत होती.

रांग दारापाशी आली. आत टेबलावर बसलेल्या मुलीनं हात केला. "पुढचे? आंटी, या ना, ओळखपत्र काढून ठेवा."

"माझं मत नाही," फुआतिनो म्हणाली. तिनं कागद त्या बाईला परत दिला, सिएनीच्या खांद्यावरची कामाची पिशवी आपल्या हातात घेतली, आणि एक पाऊल डावीकडे, रांगेबाहेर टाकलं.

मागची बाई पुढे सरकली, तिच्या मागची तिच्या मागे. रांगेत फट राहिली नाही.