फलाट पाच

१९८३ साली त्या बसस्थानकावर फलाट सात होते, गाड्या पुष्कळ होत्या आणि आवाज मात्र एकच होता. तो आवाज ज्या बाईंचा, त्यांना सगळे माइकमावशी म्हणत. त्या दिवशी मावशी साहेबांच्या टेबलासमोर उभ्या होत्या आणि तोंडावर हात होता.

"बोला की," साहेब म्हणाले. "दात बसवून आलात ना? मग ऐकवा."

मावशींनी हात बाजूला केला. कित्येक महिने तो हात तिथेच होता. बसच्या टपावरून दोर सुटलेली पत्र्याची ट्रंक घसरली होती आणि तिचा कोपरा नेमका मावशींच्या तोंडावर आदळला होता. पुढचे दात जागीच गेले, मागचे तडकले, आणि जे उरले ते एकमेकांवर बसेनात. साहेबांनी त्यांना पार्सलच्या खोलीत बसवलं. माइकवर एक हंगामी माणूस आला, पण त्याची घोषणा ऐकून लोक भलत्याच गाडीत चढू लागले. म्हणून आता साहेबांच्या डोक्यात टेप घोळत होती. कुणाचा तरी आवाज एकदा भरून घ्यायचा, मग बटण दाबलं की काम झालं.

"फलाट चारवरून खाणीकडे जाणारी गाडी सुटत आहे," मावशी म्हणाल्या. शब्द कसा खणखणीत आला! साहेबांनी मान डोलावली.

"फलाट पाच..." आणि पंक्चर झालेल्या टायरमधून हवा निघावी तसा तो 'पाच' फुस्सकन निघून गेला. मावशींनी पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच.

साहेबांनी हसू दाबलं. बाकावर बसलेल्या ड्रायव्हरने नाही दाबलं. "मावशी, हवा भरून घ्या!"

"तू आधी तुझ्या डोक्यात भर," मावशी म्हणाल्या, पण चेहरा उतरला होता.

"राग मानू नका," साहेब म्हणाले. "सोमवारी टेप भरायला माणसं येतायत. त्याआधी जमलं तर ठीक. नाहीतर पार्सलमध्ये काय वाईट आहे? बसून काम, वर पंखा."

"पंख्यासाठी नोकरीला नाही लागले मी, साहेब."

घरात सासूसून दोघीच. मावशींचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक सासरी होती. सासूबाई कवळी लावून शेंगदाणे चावत होत्या आणि ते चावणं मुद्दाम जरा मोठ्याने चालू होतं.

"तरी सांगत होते, उपटून टाक सगळे आणि माझ्यासारखी कवळी लाव. मुळं वाचवा, टोप्या घाला, मध्ये पूल बांधा... तोंड आहे की हमरस्ता?"

"आई, पाच म्हणा."

"पाच. का गं?"

"आता चार म्हणा."

"माझी परीक्षा घेतेस होय? चार. पाच. घे!"

मावशी स्वतःशीच पुटपुटत राहिल्या. चारला जीभ वर टाळूला लागत होती. पाचला ती पुढे येऊन दातांच्या मागे टेकू बघत होती आणि तिथेच अडत होती.

सासूबाईंनी शेंगदाणे बाजूला ठेवले. "बघू, तोंड उघड." त्यांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. "अगं, मागून केवढे जाड केलेत! दात आहेत की उंबरठा? जीभ ठेचकाळणार नाही तर काय?"

दुसऱ्या दिवशी मावशींनी दातांच्या डॉक्टरीणबाईंना हेच सांगितलं. बाई तरुण होत्या, हाताने हलक्या आणि बोलायला मोकळ्या.

"पण मी तुमच्याकडून म्हणवून घेतलं होतं ना? चार, चिमणी, चंद्र, साखर. सगळं स्वच्छ आलं होतं."

"त्यात चमच्याचा च कुठे होता?"

बाई ओठातल्या ओठात "चमचा, चिमणी, चमचा" असं म्हणत राहिल्या. मग कपाळावर हात मारून हसल्या. "लिहायला अक्षर एकच, म्हणून मी एकदाच तपासलं!"

दात अजून पक्के चिकटवलेले नव्हते, हे नशीब. काढून पुन्हा करता येण्यासारखे होते. पण बाई जरा घुटमळल्या.

"मागची बाजू पातळ करायची तर तिथे धातूवरची चिनीमाती टिकणार नाही. तडकेल. मागे नुसता धातू ठेवावा लागेल. मग हसताना कडेला काळपट रेघ दिसणार. आत्ता बघा कसे दिसतायत." त्यांनी आरसा हातात दिला.

मावशींनी पाहिलं. ट्रंक पडायच्या आधीसुद्धा त्यांचे दात असे नव्हते. एक पुढे, एक मागे, अशी रांग मोडलेली होती. आरशात भरल्या गालांची एक देखणी बाई हसत होती. मावशी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. डॉक्टरीणबाईंनीही घाई केली नाही.

"छान आहेत या बाई," शेवटी मावशी म्हणाल्या. "पण यांना पाच म्हणता येत नाही. काढा."

पुढचे दिवस त्या खुर्चीत गेले. बाई घासायच्या, बसवायच्या, म्हणायच्या, "बोला." मावशी म्हणायच्या, "पाच. चाक. चूल. चोर." पुन्हा काढायचं, पुन्हा घासायचं. जबडा भरून यायचा, हिरड्या हुळहुळायच्या. बाई म्हणाल्या, "आज पुरे करू या." मावशींनी मान हलवली आणि पुन्हा तोंड उघडलं. बाहेरच्या बाकावरून एका म्हाताऱ्याने विचारलं, "अहो, आत दवाखानाच आहे ना? की शाळा भरलीय?"

सोमवारी मावशी साहेबांच्या टेबलाकडे गेल्याच नाहीत. थेट माइकच्या खोलीत गेल्या. टेपवाले अजून वायरी सोडवत होते. खिडकीतून दिसत होतं की धरणाकडे जाणारी माणसं फलाट चारवर खोळंबली आहेत आणि त्यांची गाडी पलीकडे पाचवर रिकामी उभी आहे. मावशींनी हंगामी माणसाला खुणेनेच उठवलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. धरणाकडे जाणारी गाडी फलाट पाचवर उभी आहे. फलाट पाच."

चारवरची गर्दी हलली. बायकांनी बोचकी उचलली, एका बापाने पोराला खांद्यावर घेतलं, आणि सगळे पाचवर गेले. कर्ण्याकडे कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

दारात साहेब उभे होते. टेपवाल्यांना म्हणाले, "चहा घ्या आणि निघा."

साहेब पुढे बढतीवर मोठ्या कचेरीत गेले. तिथून त्यांनी जाईल त्या स्थानकाला टेप लावली, या एका स्थानकाचं नाव मात्र कधी काढलं नाही. हवा भरायला सांगणारा ड्रायव्हर निवृत्त होऊन नातवंडांत रमला. सासूबाई चार वर्षांनी गेल्या. शेवटपर्यंत सुनेला 'उंबरठा' म्हणून चिडवत होत्या. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना वाढला, आणि त्यांच्या खुर्चीतून उठण्याआधी प्रत्येकाला चिमणीबरोबर चमचाही म्हणावा लागे. मावशींनी निवृत्त होईपर्यंत माइक सोडला नाही. त्यानंतर तिथे यंत्र आलंच.

बऱ्याच वर्षांनी मावशी लेकीकडे जायला त्याच स्थानकावर बसल्या होत्या. कर्ण्यातून यंत्र काहीतरी सांगत होतं. एक माणूस धापा टाकत आला, इकडेतिकडे पाहून त्यांनाच विचारता झाला, "आजी, धरणाची गाडी कुठे लागते हो?"

"पाच," मावशी म्हणाल्या.

तो तडक तिकडे गेला. मावशींनी पिशवी मांडीवर घेतली आणि आपल्या गाडीची वाट बघत बसल्या.