हिरवा पडदा, काळी टाकी

सोमवारी सकाळी फाटकापाशीच नाकात कुजक्या अंड्यांचा भपकारा शिरला. सांडपाण्याचं केंद्र म्हणजे घाण वास असणारच, असं बाहेरच्यांना वाटतं. त्यांना काय कळतंय! आमची टाकी धड असली की तिला नुकत्याच नांगरलेल्या जमिनीचा वास येतो. मी सायकल तशीच आडवी टाकली आणि धावत सुटले.

टाकी काळी पडली होती. शुक्रवारी छान तपकिरी होती, फसफसत होती. आता एक बुडबुडा नाही. त्या गाळात कोट्यवधी जिवाणू गावाची घाण खात राबतात आणि बदल्यात फक्त हवा मागतात. ती मिळाली नाही की ते गुदमरतात, मग गावाचा सगळा अमोनिया जसाच्या तसा ओढ्यात उतरतो.

"टोरकिल्ड!" मी ऑफिसात घुसले. सुट्टीतली पाळी त्याची होती आणि साहेब आरामात पावाला लोणी लावत बसले होते. "टाकी मेली तिकडे! दोन दिवस काय झोपा काढल्यास?"

"सकाळी सकाळी ओरडू नकोस गं. दोन्ही दिवस फोनवर बघितलं मी. प्राणवायू भरपूर! इतका झकास आकडा वर्षभरात आला नव्हता."

त्याने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. खरंच, सगळं हिरवंगार. प्राणवायू काठोकाठ. आणि हवा फुंकणारे ब्लोअर बंद, कारण एवढा प्राणवायू असताना आणखी कशाला, म्हणून कॉम्प्युटरनेच ते बंद केले होते. मी त्या पडद्याकडे बघतच राहिले.

"आणि अमोनियाचा मीटर?"

"तो दुरुस्तीला गेलाय ना."

मी ब्लोअर हाताने चालू करतेय तोच एयनारचा फोन आला. एयनार आमचा प्रमुख, शुक्रवारीच निवृत्त झालेला. तो नोकरीला लागला तेव्हा हा ओढा म्हणजे गटार होतं. त्याने अख्खी उमर घालवून तो स्वच्छ केला, तेव्हा कुठे समुद्रातले ट्राउट मासे परत यायला लागले. घरही त्याने ओढ्याकाठीच घेतलं.

"सोल्वाय, मासे पोटं वर करून पडलेत! सगळे!" त्याचा आवाज फाटला होता. "ओढ्यावरच्या त्या डेअरीवाल्यांनीच पाण्यात काहीतरी सोडलंय. सोडत नाही मी त्या मेल्यांना!"

मी तोंड उघडायच्या आत त्याने फोन ठेवला. मलाही आधी डेअरीचाच संशय आला. पण मग पडद्यावर एवढा प्राणवायू कुठून? मी टाकीवरच्या पुलावर चढले.

प्राणवायू मोजणारा सेन्सर पाण्यात नव्हताच. तो कठड्याला टांगलेला होता, वाऱ्यावर, लख्ख पुसलेला. शेजारी घडी घातलेलं फडकं. उघड्या हवेत तो प्राणवायू भरपूर दाखवणार नाही तर काय!

सेन्सर धुवायचं काम एयनार दुसऱ्या कुणाला करू देत नसे. शुक्रवारी निरोपाचा केक कापायचा तर हा खालीच येईना. मग आम्हीच सगळे कागदी झेंडे घेऊन वर गेलो आणि रीतीप्रमाणे त्याच्यावर रचलेलं गाणं म्हटलं. बायकोपेक्षा सेन्सरचे लाड जास्त, असं एक कडवं होतं. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एक दंड टोरकिल्डने धरला, एक मी, आणि गात गात त्याला खाली नेलं. कठड्याकडे एकाचंही लक्ष गेलं नाही. गाढवं सगळी!

"एयनारला सांगू नकोस," फोनवरचं सगळं ऐकून माझ्यामागून वर आलेला टोरकिल्ड हळूच म्हणाला. "म्हातारा खचेल. डेअरीचं नाव झालंच आहे, होऊ दे."

"आणि त्यांनी काही केलं नसताना?"

"आजवर काय कमी घाण सोडलीय त्यांनी?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते पटलं. पण तेवढ्यात एयनारची गाडी आत आली. कोपरापर्यंत भिजलेल्या बाह्या, हातात रिकामी बादली. त्याचा चेहरा बघून मला राहवेना. सेन्सर, कठडा, आमचं गाणं, सगळं एका दमात सांगून टाकलं.

तो वर गेला. सेन्सरला त्याने हात लावला.

"धुतला मी," तो म्हणाला. "पुसला. आणि मग तुम्ही आलात."

"अरे, चूक आमची आहे. आम्हीच तुला ओढून..."

"गप बस. शेजारच्या केंद्राला फोन लाव, टोरकिल्ड. जिवंत गाळाचे टँकर माग. पाया पड, पण आजच आण."

टोरकिल्ड पळाला. मी विचारलं, "ही बादली कशाला आणलीस?"

"मासे होते तिच्यात."

"मग कुठायत?"

"डेअरीच्या मॅनेजरच्या टेबलावर ओतून आलो. सगळ्या लोकांसमोर त्याला खुनी म्हणालो." त्याने कठडा घट्ट धरला. "तो बिचारा मुलांच्या शपथा घेत होता, सोल्वाय. मी थुंकलो त्याच्यासमोर."

तो जिना उतरला, गाडीपाशी गेला आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"तू चालव."

"कुठे जायचंय?"

"डेअरीत. ते मासे मला उचलायचेत."