रंगावर जाऊ नका

लॅच उघडून घरात शिरलं की एक क्षण असा यायचा, ज्याची तिला दिवसभर धास्ती असायची. बाबा खुर्चीतून मान वर करायचे, तिच्याकडे बघायचे आणि हसायचे. हसू छानच होतं, अदबीचं, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं. "या, बसा ना," असंही म्हणायचे. मग ती म्हणायची, "बाबा, मी." आवाज कानावर पडला की त्यांचा चेहरा खुलायचा. "अगं, तू होय! ये, ये!" म्हणजे पुढचं सगळं ठाकठीक व्हायचं. पण आधीचं ते हसू तिच्या काळजात रुतून बसायचं. आपल्याच घरात शिरताना माणसाला आपली ओळख सांगावी लागावी, याहून वाईट शिक्षा कुणाला सुचली असेल असं वाटत नाही. निदान एकदा, 'मी' म्हणायच्या आत, बाबांनी आपल्याला ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

आजार मेंदूचा होता. रक्ताची गुठळी झाली, उजवा हात गेला, बोलणं गेलं. हळूहळू हात परत आला. बोलणंही परत आलं, आणि असं आलं की आत्या म्हणाली, "दादा, थोडं कमी आलं असतं तरी चाललं असतं." आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, घराची खरी मालकीण. चेहरे मात्र परत आले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत, चेहरा ओळखणारा मेंदूचा कोपरा तेवढा निकामी झालाय. बाबांनी ते जास्त सोपं करून सांगितलं. "नाक दिसतं, डोळे दिसतात, हनुवटी दिसते. सगळं जागच्या जागी. पण सगळं मिळून कोण, त्याचा पत्ता लागत नाही." एकदा दुकानातल्या आरशातल्या म्हाताऱ्याला त्यांनी "आधी तुम्ही" म्हणून वाट दिली आणि मग स्वतःच पोट धरून हसले. आत्या हसली नाही.

आणि हे झालं कुणाला, तर ज्याचा जन्म ओळखण्यात गेला त्या माणसाला! शहरातल्या बागेत काचेचं मोठं फुलपाखरूघर होतं. बाबा त्याचे रखवालदार, दाई, मास्तर, सगळंच. दोन दारं ओलांडून आत गेलं की चष्म्यावर वाफ धरायची. ती पुसून होईपर्यंत डोक्यावरून काहीतरी काळंभोर आणि तळहाताएवढं निघून गेलेलं असायचं. उष्ण प्रदेशातली पुच्छ कुळातली फुलपाखरं ही बाबांची खास लाडकी. काचेच्या कपाटात त्यांचे कोष ओळीनं लावलेले असायचे. प्रत्येक कोष कमरेभोवती रेशमाचा एकच धागा बांधून काडीला मागे रेललेला, खांबावर चढलेल्या वायरमनसारखा. सुरवंटाच्या डोक्याला बाबा बोटानं हळूच टिचकी मारायचे. लगेच तो नारिंगी, दुहेरी शिंग बाहेर काढायचा, आंबूस वास सुटायचा आणि बघायला आलेली मुलं किंचाळायची. बाबांना दर वेळी पहिल्यांदाच बघतोय इतका आनंद व्हायचा.

"शेपटीवरून ओळखायला जाल तर फसाल," ते लोकांना सांगायचे. "या कुळात कित्येकांना शेपटीच नसते. असते त्यांची पाखरांनी तोडलेली असते. पाखरू झडप घालतं, शेपटीचा तुकडा त्याच्या चोचीत राहतो आणि फुलपाखरू पसार! आणि रंगावर तर अजिबात जाऊ नका." मग दोन फुलपाखरं दाखवायचे. दोघींचे पंख काळे, त्यावर पांढरा ठिपका, कडेला लाल चंद्रकोरी. एक विषारी, तिच्या वाटेला पाखरं जात नाहीत. दुसरी नुसती सोंगाडी, विषारिणीचे कपडे घालून मिरवणारी. लोक डोकं खाजवायचे. "पंख सोडा, अंग बघा. विषारिणीचं अंग लाल, सोंगाडीचं काळं. पंख उसने आणता येतात, अंग नाही आणता येत." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेतही बरळले असते.

फुलपाखरं त्यांना अजूनही ओळखता यायची. दवाखान्याच्या खिडकीबाहेरून गेलेलं एक त्यांनी नर्सला कुळासकट सांगितलं होतं. त्याच दिवशी त्यांनी मुलीला विचारलं होतं, "आपण कोण?"

मुलगी दात बनवायची. कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून मेणात दात बसवायची, प्लास्टर ओतायची, हिरड्यांचा रंग जुळवायची. माणूस भेटला की तिचं लक्ष आधी त्याच्या दातांकडे जायचं, नाव आठवायचं मागाहून. "या घरात एकाला पंख दिसतात, एकीला दात. पुरता माणूस कुणालाच दिसत नाही," असं आत्या म्हणायची. आत्याच्या तक्रारींना तसा अंत नव्हता. पोरगी केस विंचरत नाही, ओला टॉवेल पलंगावर टाकते, चहा कधी बसून पीत नाही, ओट्यापाशी उभ्या उभ्या ढोसते, त्यातही एक पाय नाचत असतो. "बसून पी गं, सांडशील!" हे तिनं लहानपणापासून बाबांच्या आणि आत्याच्या तोंडून आळीपाळीनं ऐकलं होतं आणि आळीपाळीनं कानाआड केलं होतं.

लाल स्वेटरची युक्ती आत्याचीच. "रोज तोच घाल, दादाला खूण पटेल." आणि पटली की! दार उघडलं की बाबा लगेच "आलीस?" म्हणायला लागले. ती हवेत तरंगायला लागली. उकाडा असो, घाम फुटो, स्वेटर अंगावरून उतरेना.

मग एका संध्याकाळी बाबांकडून हातापायांचे व्यायाम करून घेणारी बाई नवा लाल कोट घालून आली. बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मायेनं विचारलं, "दमलीस का गं? आज किती दात केलेस?" बाई होती दिलदार. "बत्तीस," म्हणाली. नेमक्या त्याच वेळी दारात दुसरा लाल रंग उभा राहिला. बाबा एकीकडून दुसरीकडे बघत राहिले. मग त्यांचा हात हळूहळू खाली आला.

व्यायामवाली गेल्यावर ते म्हणाले, "काढ तो स्वेटर."

"अहो, पण बाबा, चुकतं एखाद्या वेळी."

"चुकलो नाही, फसलो. जन्मभर लोकांना सांगितलं रंगावर जाऊ नका, आणि स्वतः मुलीला रंगावरून ओळखत होतो. मला तू कुठे ओळखू येत होतीस? स्वेटर ओळखू येत होता." त्यांनी स्वेटरची बाही चिमटीत धरली आणि सोडून दिली. "तुझी खरी खूण मला अजून सापडलेली नाही, पोरी. शोधतोय. सापडेल."

ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. स्वेटर घडी करून कपाटाच्या तळाशी गेला.

शोध मात्र खरोखरच सुरू झाला. जेवणं झाली की बाबा तिला म्हणायचे, "जरा खिडकीपर्यंत जाऊन ये बघू." ती जायची, पण कवायतीतल्या शिपायासारखी. कुणी बघतंय म्हटलं की माणूस स्वतःचं चालणं विसरतो. "समोर बस, नेहमीसारखी," ते म्हणायचे. ती पाठ ताठ करून, गुडघे जुळवून बसायची, चहाचा कप बशीत नीट धरून घोट घोट प्यायची. बाबांना नीट बघता यावं म्हणून श्वाससुद्धा जपून घ्यायची. ते बराच वेळ निरखायचे आणि मान हलवायचे. "छे! टाचणीनं टोचून ठेवलेल्या फुलपाखरासारखी दिसतेस." दोघंही हसायची. त्या हसण्यात तिचं फारसं मन नसायचं.

फुलपाखरूघरातली झाडं सांभाळणारी माळीणबाई एक दिवस बाबांना न्यायला आली. लोक विचारतात, नव्या माणसाला सांगता येत नाही, तुम्ही या. बाबा आढेवेढे घ्यायला लागले. "मला माणसं ओळखू येत नाहीत हो."

"कधी येत होती?" माळीणबाईनं विचारलं. "चांगले धडधाकट होतात तेव्हा सगळ्यांसमोर मला 'लिंबाच्या कुंड्यांपाशी असतात त्या बाई' म्हणायचात. चला गुपचूप!"

बाबा गेले, आणि जे गेले ते दुसऱ्याच दिवसापासून आरशासमोर भांग पाडून निघायला लागले.

त्या दिवशी कारखान्यातली भट्टी बिघडली आणि सगळ्यांना लवकर सोडलं. बाबांना सोबत घेऊनच घरी जावं म्हणून ती बागेकडे वळली. अंगात प्लास्टरनं माखलेला करडा डगला होता, केस आदल्या दिवशीच मानेपर्यंत कापले होते. बाहेर पडायच्या बाजूला काचेच्या भिंतीलगत चहाची जागा होती. तिनं कागदी कप घेतला. तेवढ्यात बाबा लोकांचा घोळका घेऊन तिथेच आले आणि काचेपलीकडच्या फुलांकडे बोट दाखवून बोलायला लागले.

ती त्यांना इतक्या दिवसांत प्रथमच कामावर बघत होती. हात हवेत उडत होते, डोळे चमकत होते, लोक तोंड उघडं टाकून ऐकत होते. हा माणूस आजारी होता असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. किती सुंदर दिसतात आपले बाबा, असं तिच्या मनात आलं. मध्येच बोलून त्यांची लय मोडायची नाही म्हणून ती गप्प उभी राहिली. बाबांची नजर घोळक्यावरून फिरत तिच्यापर्यंत आली. ते हसले. तेच, पाहुण्यांसाठीचं. नजर पुढे गेली.

तिनं कपाकडे बघितलं आणि चहावर फुंकर घातली.

एका आजोबांनी विचारलं, "पण समजा शेपटी तुटलीय, रंग फिकटलाय, लांबून अंगही दिसत नाहीये. मग काय करायचं?"

"मग काही करायचं नाही," बाबा म्हणाले. "उडताना ओळखायची घाई करायची नाही. भूक लागू द्यायची तिला. ते बघा, त्या फुलावर. बाकीची फुलपाखरं फुलावर बसतात, पंख मिटतात आणि निवांत पितात. ही मंडळी तशी नाहीत. पायांनी फुलाला नुसतं धरलंय, सोंड आत गेलीय, पण पंखांची थरथर बघा! थांबतच नाही. जशी काही आत्ता निघालीच. पोटभर पितील पण टेकायची नाहीत. ही खूण उसनी आणता…"

वाक्य अर्ध्यावर राहिलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला शब्द आठवत नाही. माळीणबाई काळजीनं पुढे सरकली. बाबा काचेकडे बघतच नव्हते. ते चहाच्या जागेकडे बघत होते. तिथे रिकामी बाकं सोडून एक बाई उभी होती, भिंतीला नुसता खांदा लावून, हातातल्या कपातून घाईघाईनं घोट घेत, आणि तिची डावी टाच जमिनीवर नाचत होती.

तिनं मान वर केली. बाबांच्या चेहऱ्यावर ते हसू नव्हतं. तिथे पाहुणा कुणी नव्हताच.

ती तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला. "बोलू नकोस. काही म्हणजे काही बोलू नकोस." घोळक्यातून वाट काढत ते तिच्यापर्यंत आले, प्लास्टरनं माखलेला तिचा हात धरला आणि ओरडले, "बसून पी गं, सांडशील!"

चहा सांडलाच, अर्धा डगल्यावर, अर्धा बाबांच्या बुटांवर. उरलेला एक घोट तिनं रडत रडत, उभ्या उभ्याच प्यायला.