पोवळ्याची अंगठी

काष्टीच्या बनुबाईला कीर्तन म्हणजे जीव की प्राण. त्यामुळे लेकीला, रुपालीला, बघायला आलेल्या मुलाच्या मामांच्या गळ्यात तुळशीची माळ दिसली, तेव्हाच तिला स्थळ पसंत पडलं. मामांनी मात्र पाण्याच्या तांब्याला हात लावण्याआधी विचारलं, "घरात मटन-मच्छी शिजत न्हाई ना?"

मग त्यांनी खिशातून पोवळ्याची अंगठी काढून रुपालीपुढे ठेवली. मुलीला मंगळ होता, त्यावर हा उतारा.

"आन् ती समुद्रातली नोकरी सोडायची. दगडं बघायला एवढं शिक्षान कशाला?"

रुपाली लक्षद्वीपला काम करत होती. गेल्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, समुद्र तापला आणि तिथली पोवळी पांढरी पडून मेली. जी तगली त्यांच्या जनुकांत काय वेगळं आहे ते शोधायचं आणि त्यांच्यापासूनच नवी वाढवायची, यासाठी तिची धडपड चालली होती.

"दगड नाही मामा, जित्ता प्राणी आहे," ती म्हणाली. "तुमच्या अंगठीत आहे ते त्याच्याच भावकीतल्या एकाचं हाड."

"लई शानी हाय पोरगी!" मामा खो खो हसले.

जन्मभर भूतदया ऐकत आलेल्या बनुबाईला हसू आलं नाही. तिने अंगठी पदराच्या टोकाने उचलून मामांपुढे ठेवली.

"पाव्हणं, मगाशी तुमी इचारलं, आता मी इचारते. तुमच्या घरात हाडकं चालत्यात व्हय? आमच्यात न्हाई चालत. लेक सोमवारी कामावर जानार हाय. च्या घ्या, गार हुतोय."

कपाकडे निघालेला मामांचा हात मध्येच थांबला. त्या हाताच्या बोटातही पोवळंच होतं.