जावयाने पाळलेला सोनबेडूक

लिबोरिओ चिरिपुआ याने आयुष्यभर विषारी बाण फुंकून मारायच्या, ताडाच्या लाकडाच्या फुंकनळ्या घडविल्या, आणि साइहा नदीच्या दोन्ही काठांवर त्याच्या नळीला कोणी कधी वाकडी म्हटले नव्हते. म्हटले ते प्रत्यक्ष जावयाने, एव्हेलिओने. त्याचा बाण लागूनही रानडुक्कर खुशाल चालते झाले, तेव्हा म्हाताऱ्याच्या नळीत दम उरला नाही, असे तो घाटाघाटावर सांगत सुटला. मोठ्या शिकारीसाठी नळ्या सांगितलेली माणसे शब्द फिरवू लागली.

संतापलेल्या लिबोरिओने सर्वांना घरी बोलाविले. खाचा पाडलेल्या ओंडक्यावरून चढून माणसे माचीवरच्या घरात आली, जावईही आला.

"बाण लागला की नाही?"

"लागला, मामा."

"मग नळीचं काम तिथं संपलं! पुढचं जहराचं. बाण कुठल्या बेडकाच्या पाठीवर घासलास?"

एव्हेलिओने ऐटीत बेडूक ठेवलेले बांबूचे कांडे उघडले. बेडूकबापाच्या पाठीवर बसून डबक्याकडे निघालेली पिल्ले त्याने उचलून आणली होती, मडक्यात वाढविली होती आणि पाय फुटल्यावर पिकल्या केळ्यांवरच्या चिलटांवर पोसली होती.

"दर वेळी रानात चिखल कोण तुडवील? बघा, कसा झळकतोय. अस्सल जात!"

बेडूक खरोखरच पिवळाजर्द होता. माणसे मागे सरकली. बेडकाने चुलीकडे उडी घेतली, आणि तिथे अंड्यांवर बसलेल्या कोंबडीने मान लांबवून त्याला गिळून टाकले.

"आबा, माझी कोंबडी!" लिबोरिओची मुलगी नूबिया किंचाळली.

रानातला सोनबेडूक नुसता चालून गेलेल्या पानावर चोच मारली तरी कोंबडी तडफडून मरते. सारे कोंबडीकडे पाहत राहिले. कोंबडीने चोच पुसली, पंख झटकले आणि पुन्हा अंड्यांवर बूड टेकविले.

"एव्हेलिओ, डुकराला मेजवानी दिलीस होय रे!" जमलेल्यांतला एकजण खिदळला.

"जावईबापू, पुढच्या खेपेला मीठ लावा!"

रानातले मुंग्याकिडे खाल्ल्यावाचून बेडकात जहर भरत नसावे, असे एकाने म्हटले. दुसऱ्याने वाद घातला. आणि हसत हसत मंडळी ही गंमत गावभर सांगायला उठली. लिबोरिओच्या अंगाची मात्र लाही झाली. अब्रू गेली ती त्याची, आणि गोष्ट होणार ती कोंबडीची! नळीचे नाव कोणाच्या तोंडी नव्हते.

त्याने चढायचा ओंडका वर ओढून घेतला.

"कुणी उतरायचं नाही. एव्हेलिओ, ज्या तोंडानं घाटावर बोललास, त्याच तोंडानं बोल."

"मामा, सगळ्यांना कळलंच की."

"कळलं ते कोंबडीचं! बोल."

"नळी सरळ होती," एव्हेलिओ पुटपुटला.

"पलीकडच्या काठाला सांग. बदनामी तिथवर गेलीय."

एव्हेलिओ माचीच्या नदीकडच्या कडेला गेला आणि तोंडाभोवती हातांचा कर्णा करून ओरडला, "नळी सरळ होती!"

पलीकडे कपडे आपटणारी एक बाई थांबली. "कुणाची रे?"

"सांग," ओंडका तसाच धरून लिबोरिओ म्हणाला, "कुणाची ते."