नवसाच्या कोंबड्याच्या मानेवरची माशी

मी माशी बोलतेय. उडणारी नाही, खोटी. माझ्या पोटात गळ आहे. परदेशातले लोक मला दोरीला बांधून नदीवर फेकतात, मासा मला खरी समजून गिळतो. मग ते माशाचा फोटो काढतात आणि त्याला परत सोडून देतात. त्याचं तोंड फाटलेलं असतं, पण फोटो चांगला येतो.

असं ऐकलंय. मी नदी पाहिलेली नाही.

माझा जन्म सुरतचा, कोसाडच्या सरकारी आवास वसाहतीतला. तिथं वैशाली घरबसल्या माश्या बांधते. गळाला दोरा गुंडाळायचा, पाठीवर पांढऱ्या लोकरीचा खुंट उभा करायचा आणि त्याच्याभोवती कोंबड्याच्या मानेचं पीस आडवं फिरवायचं. पीस छत्रीसारखं पसरतं. त्या छत्रीवर आम्ही तरंगतो.

त्या दिवशी पिसं संपली. माल संध्याकाळी द्यायचा होता, आणि गॅलरीत एक कोंबडा बांधलेला होता.

तो नवसाचा. वैशालीचा नवरा भिकन कापडाच्या लूमवर काम करताना पडला, ताप मेंदूत गेला, तेव्हा त्याच्या आईनं, शोभाबाईंनी, मरीआईला हा कोंबडा बोलला होता. नवसाच्या कोंबड्यात खोट चालत नाही. वैशालीला हे माहीत होतं. तिनं मानेवरची पिसं उपटली. बाकीची बांधताना तुटली, एकाची मी झाले.

माल नेणाऱ्या चेतनभाईनं मला उजेडात धरलं. "बेन, आ तो वांकी छे," म्हणाला आणि परत दिलं. वाकडी तर वाकडी.

तिकडे भिकन बरा झाला. सगळे खूश, वैशाली सोडून. कोंबड्याच्या मानेवर टक्कल पडलेलं होतं. म्हणून नवस फेडायच्या सकाळी तिनं मला त्या टकलावर टोचलं. माझी छत्री बरोबर बसली. शोभाबाईंनी कोंबड्यावरून हात फिरवला. "कसा देखना शे!"

आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच.

सोलताना मला काढून घ्यायचं, असं वैशालीनं ठरवलं होतं. पण शोभाबाई सुरी सोडेनात. "मना नवस, मीच सोलसू." त्यांची नजर अधू. कातडीसकट गॅसवर भाजताना माझी छत्री जळाली, गळ कातडीत राहिला.

कोंबड्याची मान ज्याच्यासाठी नवस केला त्याला देतात. वैशालीनं पातेलं ढवळून ढवळून पाहिलं, तोवर मान भिकनच्या ताटात पडली होती. तिनं बोलायला तोंड उघडलं. नवस फुकट गेला हे सांगायचं कसं? तिनं त्या तोंडात स्वतःचाच घास घातला.

भिकन खोकायला लागला. डोळे बाहेर.

"हाड अटकनं व्हई," शोभाबाई म्हणाल्या. "कोरडी भाकर गिय रे भाऊ." आणि त्यांनी भाकरीचा गोळा त्याच्या तोंडात कोंबला.

"आत्याबाई, नका!" वैशाली ओरडली. "हाड नही ते. मना गळ शे. पिसं मीच उपटात."

"कोना पिसं?"

"नवसना कोंबडाना."

हे ऐकून भिकन दचकला, आणि दचकून त्यानं गोळा गिळला.

आता मी त्याच्या नरड्यात आहे, होते त्याच्यापेक्षा खोल. दवाखान्यात फोटो काढला. मी छान आलेय.

"मछली पकडने कहाँ गए थे?" डॉक्टरांनी विचारलं.

"घर में ही," वैशाली म्हणाली.

शोभाबाई बाकड्यावर सुनेकडे पाठ करून बसल्यात. मरीआईला नवा कोंबडा बोलतायत.

डॉक्टर, चिमटा घेऊन आलाच आहात तर ऐका. माझ्या टोकाला उलटा काटा आहे. ओढू नका. फोटो झालाय, आता याला सोडून द्यायचं असतं. मला ते जमत नाही. तुम्ही बघा.