टंक्सांचं डुक्कर

"आता का घेत नाहीये हे?" मर्व्ह टंक्सने तेच बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. पडद्यावरची चौकट ढिम्म.

"भरलं असेल," स्वयंपाकघरातून नोरीनचा आवाज आला. "अडीचशे शब्द म्हणालेत ना ते?"

"अडीचशेत काय होतंय? अजून डुक्कर गाडीत पण बसलं नाही."

"मग हवामान काढ. तीस वर्षं ऐकतेय मी, त्या रात्री किती धुकं होतं ते. डुकराला धुक्याचं काय?"

मर्व्हने जड मनाने धुकं खोडलं. डुक्कर गाडीत बसलं.

होबार्टला दर दोन वर्षांनी वंशावळवाल्यांची परिषद भरते. सगळ्या टास्मानियातून माणसं आपापले मेलेले आजे-पणजे घेऊन येतात आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याच्या बदल्यात आपले ऐकवतात. आपले माइकवरून ऐकवायचे असतील तर आधी अर्ज करावा लागतो: कशावर बोलणार, थोडक्यात सांगा. मर्व्ह दर खेपेला अर्ज करायचा आणि दर खेपेला त्याला अतिशय गोड शब्दांत नकार यायचा. पण या वर्षीचा विषयच होता 'कैदी आणि त्यांची लेकरं', पूर्वी इंग्लंडहून शिक्षा भोगायला बोटीने इथे धाडलेले ते कैदी. म्हणजे समितीने मर्व्हला घरी गाडी पाठवायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. शुक्रवार संध्याकाळ शेवटची मुदत.

मर्व्ह हा माणूस जन्मभर नगरपालिकेचा ग्रेडर चालवत आला. ग्रेडर म्हणजे कच्च्या रस्त्यांवरचे खड्डे खरवडून सपाट करणारं ते लांबलचक पिवळं धूड. या कामाची गंमत अशी की नीट केलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि नाही केलं तर सगळं खोरं दारात येऊन शिव्या घालतं. त्यामुळे कुणी मर्व्हचं कौतुक केल्याची नोंद नाही. पण शनिवारी पबमध्ये मर्व्ह स्टुलावर चढला की हातातले ग्लास हातात राहायचे. कारण मर्व्हकडे जोसाया होता.

आता खोऱ्यात टंक्स दोन. वरच्या रस्त्याचे आणि खालच्या रस्त्याचे. नातं काही नाही, नुसतं आडनाव एक. त्यात गंमत म्हणजे दोघांच्याही मूळपुरुषाचं नाव जोसाया. पण वरच्यांचा जोसाया स्वतःचं तिकीट काढून, बोटीवर प्रार्थना म्हणत आलेला सभ्य मेणबत्तीवाला. खालच्यांचा जोसाया सरकारी खर्चाने, पायात बेड्या घालून आलेला डुक्करचोर. मर्व्ह खालच्यांचा.

आणि चोरी तरी कशी? जोसायाने जमीनदाराची डुकरीण पळवली, तिला आपल्या मावशीची शाल गुंडाळली, डोक्यावर झालरीची टोपी बांधली आणि गाडीत शेजारी बसवून सरळ गावाच्या फाटकातून बाहेर निघाला. फाटकावर शिपाई. त्याने कंदील वर केला आणि अदबीने म्हणाला, "नमस्कार मावशी." इथे मर्व्ह थांबायचा. पब थांबायचा. आणि मग मर्व्ह डुकरिणीचा असा काही हुंकार काढायचा की एकदा बाहेर बांधलेली दोन कुत्री दोर तोडून पळाली होती.

मर्व्हच्या फाटकावरची टपालपेटीसुद्धा डुक्करच होती. गॅसच्या जुन्या टाकीला चार पाय जोडून त्याने ती स्वतः वेल्डिंग केली होती. डोक्यावर पत्र्याची झालरीची टोपी. टोपी उचलायची, पत्र आत टाकायचं. पोस्टमन टोपी उचलताना रोज मावशीला नमस्कार घालायचा.

तर अर्ज झाला. मर्व्हने नोरीनला वाचायला बसवलं. तिने हात पुसले, चष्मा लावला, वाचलं. मग परत वरपासून वाचलं.

"हा इथे आला तो बेड्या घालून?"

"हो."

"आणि सात वर्षं तिकडे लांब किनाऱ्यावर दगड फोडत होता."

"फोडत होता. पाठीवर फटके खात."

"मग त्याच सात वर्षांत इथे खोऱ्यात येऊन त्याने हॅनाशी लग्न केलं, आणि वर चॅपलला घंटा दिली. दगडाची होती का घंटा?"

मर्व्हने पडदा आपल्याकडे वळवला आणि ओळींवर बोट ठेवून वाचायला लागला.

झालं होतं काय की पबमध्ये गोष्टीचे हे दोन तुकडे कधी एकमेकांना भेटलेच नव्हते. डुक्कर आणि फटके पहिल्या बिअरला व्हायचे. मग कुणीतरी पुढची फेरी सांगायचं, आरडाओरडा व्हायचा आणि हॅना, लग्न, घंटा हे सगळं नंतर यायचं, तेही ऐकणारे तरंगत असताना. अडीचशे शब्दांत बिअरला जागाच नव्हती. दोन्ही तुकडे खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि दोघांची ओळख पटेना.

"कारकुनाची चूक असेल," मर्व्ह म्हणाला.

"असेल," नोरीन म्हणाली. ती 'असेल' म्हणते तेव्हा नसतं.

दुसऱ्या दिवशी मर्व्ह लॉन्सेस्टनच्या ग्रंथालयात जाऊन बसला. जुनी नोंदणी उघडली आणि वंशावळवाल्याच्या आयुष्यात सगळ्यात वाईट जी गोष्ट घडू शकते ती त्याच्या आयुष्यात घडली. तो तीस वर्षं भलत्याच झाडावर चढून बसला होता. खालचे टंक्स सगळे हॅनाचे वंशज, आणि हॅनाचा नवरा स्वतःचं तिकीट काढून आलेला मेणबत्तीवाला निघाला. डुक्करचोर सुटला पुष्कळ नंतर, त्याने लग्न केलं वरच्या रस्त्यावरच्या एका विधवेशी. पुढे त्या घरात पैसा आला, आणि त्या काळी कैद्याचं रक्त म्हणजे देवीच्या रोगासारखं लपवायची गोष्ट, त्यामुळे त्यांनी चोर हळूच खाली ढकलला आणि मेणबत्तीवाला वर ओढून घेतला. खालचे टंक्स गरीब, पिणारे. कुणी त्यांना विचारलंही नाही. डुक्कर त्यांच्या अंगावर शोभूनही दिसलं.

वर आणखी मीठ म्हणजे मर्व्हच्या खऱ्या जोसायाने आयुष्यात एकच गोष्ट छापून आणली होती. जुन्या वर्तमानपत्रात पत्र. खोऱ्यातली मोकाट डुकरं आवरा म्हणून.

नोरीनने ते ऐकलं आणि तिला हसू आवरेना. ओट्याला धरून उभी राहिली. मग शांत झाल्यावर म्हणाली, "माझी आई सांगत होती, चोरांच्या घरात देऊ नका पोरीला. मी तेवढ्यासाठी हट्टाने केलं तुझ्याशी. आणि तू निघालास मेणबत्त्यांचा."

"कुणाला कळणार आहे," मर्व्ह म्हणाला. पण आवाजात दम नव्हता.

वरच्यांपैकी आता खोऱ्यात एकच उरली होती. एव्हरिल लॅम्पकिन, माहेरची टंक्स. स्थानिक वंशावळ मंडळाची अध्यक्ष. इस्त्रीचा ब्लाउज, कापलेली गुलाबाची कुंपणं. मर्व्हची पबमधली गोष्ट निघाली की बाई अशा चेहऱ्याने खिडकीबाहेर पाहायच्या जणू कुणी टेबलावर ओले मोजे ठेवलेत. मर्व्हच्या मनात सैतान जागा झाला. माइक जायचा असेल तर जाऊ दे, पण एव्हरिलबाईंना 'तुम्ही डुक्करचोराच्या' असं सांगतानाचा तो क्षण तरी पदरात पडेल. वाटेत गाडीत त्याने तो तीन-चार प्रकारे म्हणून पाहिला.

बाईंनी चहा दिला. बिस्किटं दिली. मर्व्हने सांगितलं, आणि वाट पाहत बसला.

एव्हरिलबाईंनी कप बशीत ठेवला. "इतकी वर्षं लागली तुला, मर्व्हिन," म्हणाल्या. "मला वाटलं होतं, ग्रंथालयाला पहिल्यांदा गेलास तेव्हाच कळेल."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"वडिलांनी सांगितलं होतं. आणि वर शपथ घातली होती, बोलायचं नाही." बाईंनी पांढरा रुमाल उलगडला, परत त्याची घडी केली. "टेकडीवरची त्याची कबर तू दर वर्षी घासायला जातोस ना, मे महिन्यात? तिथे आधीच शेवंतीची फुलं असतात. कुणाची वाटली तुला?"

मर्व्हला ती चर्चच्या बायकांची वाटली होती. एकदा तर त्याने ती उचलून शेजारच्या कबरीवर ठेवली होती, कारण घासताना मध्ये येत होती. हे त्याने आत्ता सांगितलं नाही.

"मग वारं फिरलं," बाई म्हणाल्या. "कैदी असणं एकदम मोठेपणाचं झालं. परिषदेच्या जेवणाला कैद्यांच्या वंशजांना पिवळी फीत लावतात, पाहिलीयस ना? मी तिथे बिनफितीची बसते, समोर सगळं टेबल हसतंय, आणि माझा जोसाया त्या सगळ्यांच्या वरचढ. ठरवलं, आता सांगून टाकायचं. वडील गेलेच होते. आणि त्याच महिन्यात तू ते डुक्कर उभं केलंस फाटकावर."

"मग?"

"मग काय. टोपीसकट केलं होतंस. त्यानंतर कुठल्या तोंडाने मागायचा तुझ्याकडून?"

थोडा वेळ दोघं बिस्किटं खात राहिले.

"ठेव तू," एव्हरिलबाई शेवटी म्हणाल्या. "तुझाच झालाय तो. तू बोल होबार्टला. मी कुणाला सांगणार नाही, मला सवय आहे."

मर्व्ह घरी आला तो गप्प. नोरीनने दोनदा ताप बघितला. मर्व्ह गप्प म्हणजे आजारीच असणार, असा तिचा अनुभव. बुधवार गेला, गुरुवार गेला. चौकटीत अडीचशे शब्द तयार होते. एक बटण दाबायचं, बाई तोंड उघडणार नव्हत्या, आणि आयुष्यात एकदा मर्व्ह माइकपुढे उभा राहून हजारभर कान असलेल्या सभागृहात हुंकार काढणार होता. ज्याच्या नीट केलेल्या कामाकडे कुणी कधी पाहिलं नाही त्याला हे किती हवं असतं, ते त्यालाच माहीत. तो बटणावर बोट ठेवायचा, आणि त्याला ती शेवंती दिसायची. शेजारच्या कबरीवर ठेवलेली.

शुक्रवारी दुपारी नोरीन बाहेर आली तर हा पाना घेऊन फाटकाशी, घामाघूम.

"काय चाललंय?"

"नट गंजलाय."

तिने पाहिलं, पुढे काही विचारलं नाही. आत जाऊन तेलाची बाटली आणून दिली, आणि डुक्कर गाडीच्या मागे चढवताना मागचे दोन पाय धरले.

एव्हरिलबाई गुलाबांपाशी होत्या. डुक्कर उतरताना पाहून त्यांनी कात्री खाली ठेवली.

"हे तुमचं," मर्व्ह म्हणाला. "आणि हा कागद. अर्ज आहे. वरचं नाव बदललंय, हॅनाच्या जागी तुमची विधवा घातलीय, बाकी शब्द मोजलेले आहेत, हात लावू नका. सहा वाजता बंद होतं."

बाईंनी कागद वाचला. खूप वेळ वाचला, अडीचशे शब्दांच्या मानाने. मग डुकराभोवती एक फेरी मारली. पत्र्याच्या टोपीला बोट लावून पाहिलं.

"तोंड रस्त्याकडे की घराकडे?"

"रस्त्याकडे. पोस्टमन नमस्कार करतो."

"मग थोडं डावीकडे घे. माझे गुलाब लागतील त्याला." आणि मर्व्ह खड्डा खणत असताना त्या मागून हळूच म्हणाल्या, "तो आवाज कसा काढतात, मर्व्हिन? मला येत नाही."

मर्व्हने फावडं टेकवलं. त्या संध्याकाळी वरच्या रस्त्यावरून गाई घेऊन चाललेल्या माणसाने जे ऐकलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगून खरं कुणाला वाटलं असतं? एव्हरिल लॅम्पकिन, इस्त्रीच्या ब्लाउजमध्ये.

मर्व्हनेही सहाच्या आत आपला अर्ज टाकला: 'मोकाट डुकरांविरुद्ध एका मेणबत्तीवाल्याची तक्रार'. शब्द अडीचशेच्या निम्मेही झाले नाहीत. समितीचं उत्तर आलं, विषय अत्यंत रोचक आहे, परंतु. ते 'परंतु' मर्व्हला पाठ होतं.

होबार्टला सभागृह भरलेलं. मर्व्ह आणि नोरीन मागे, दाराजवळ. एव्हरिलबाई पुढे उभ्या, छातीवर पिवळी फीत, सरळ, हातात कागद. डुक्कर गाडीत बसलं. धुकंही आलं; ते त्यांनी परत घातलं होतं. फाटक आलं, शिपाई आला, कंदील वर झाला. "नमस्कार मावशी," बाई म्हणाल्या, आणि थांबल्या. बरोब्बर तेवढ्याच थांबल्या. मग चष्मा नीट केला आणि हुंकार काढला. मर्व्हइतका नाही, पण खोल होता. सभागृह एका दमात हसून कोसळलं. पुढच्या रांगेतला एक म्हातारा खुर्चीवरून घसरला.

नोरीनने बाजूला पाहिलं. मर्व्हचे ओठ बाईंच्या शब्दांबरोबर हलत होते, आवाज न करता. ते पुढेही, बेड्या, फटके, दगड, सगळं संपेपर्यंत हलत राहिले. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समोर पाहत राहिली.

परतताना गाडी वरच्या रस्त्याने घेतली. एव्हरिलबाईंच्या फाटकाशी नोरीनने वेग कमी केला. डुक्कर रस्त्याकडे तोंड करून उभं होतं, टोपीवर कुणीतरी शेवंतीचं एक फूल खोचलेलं. मर्व्हने खिडकी खाली करून मावशीला नमस्कार घातला.

आपल्या फाटकाशी तो उतरला. डुक्कर होतं तिथे आता खांबावर पावाचा एक जुना पत्र्याचा डबा ठोकलेला. त्यावर त्याने स्वतःच्या हाताने, जुन्या वर्तमानपत्राच्या मथळ्यासारख्या वळणदार अक्षरांत रंगवलं होतं: 'मोकाट डुकरांना सक्त मनाई. जो. टंक्स.'

डब्यात काही आलं नव्हतं. मर्व्हने झाकण लावलं, अक्षरांवर रस्त्याची धूळ बसली होती ती बाहीने पुसली, आणि फाटक उघडून नोरीनला गाडी आत घ्यायची खूण केली.